चाळीस फुटांतली बारा वर्षं

कार्ड आलं तेव्हा मी एका सिनेमातली सहा वर्षं गाळत होतो. सांगलीतल्या घरी, जेवण झाल्यावर, भिंतीला टेकून बसलो होतो. मांडीवर पाट, पाटावर कागद आणि कागदावर लिहीत होतो : 'पिंपळाची पानं गळतात. पुन्हा पालवी फुटते. नायक दाढीमिशांसह.' तेवढ्यात पोस्टमनने खिडकीतून कार्ड आत टाकलं. वरचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कुणीतरी गेलं हे वाचण्याआधीच कळलं. कोण, एवढंच कळायचं राहिलं होतं. आष्ट्याच्या शाळेच्या हेडमास्तरांचं अक्षर होतं. 'आपले स्नेही नाना मास्तर मंगळवारी सकाळी अल्पशा आजाराने गेले. कार्ड वाचून फाडून टाकावे.' मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग... लिहायला लाज वाटते, पण इथं खोटं लिहून काय मिळवू... मग मी हातातलं वाक्य पुरं केलं. 'दाढीमिशांसह' याच्यापुढं 'पन्नास फूट' असा आकडा घातला, त्याखाली रेघ मारली, आणि त्यानंतर मला रडू आलं. त्या रडण्याची मला अजून किळस वाटते.

या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांना नाना ठाऊक असेल. त्यानं एकच कादंबरी लिहिली. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते नाव घेतलं की लोक म्हणतात, "हां हां, तो पिक्चर ना? शेवटी नवरा येतो तो!" तो शेवट माझा आहे. नानाच्या कादंबरीत नवरा येत नाही. नानाच्या घरीही तो कधी आला नाही.

नाना आणि मी साताऱ्याच्या हायस्कुलात एका बाकावर होतो आणि मंगळवार पेठेतल्या एका खोलीत चार वर्षं राहिलो. तो आष्ट्याच्या शेतकरी घरातला. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी त्याच्या घरून भाकऱ्यांचं गाठोडं आणून द्यायचं, आणि त्या भाकऱ्या शेवटच्या दिवशी दगडासारख्या झाल्या तरी तो त्या सावकाश, एकेक घास चावून खायचा. वाचायचाही तसाच. ओळीखाली बोट धरून, ओठ किंचित हलवत. मी एका दिवसात पुस्तक संपवून त्याला गोष्ट सांगायला लागलो की तो हात वर करायचा. "थांब रं. म्या अजून तिथवर पोचलो न्हाई." मी तेव्हापासूनच घाईचा माणूस. एकदा मी एक गोष्ट लिहिली आणि मोठ्या ऐटीत त्याला वाचून दाखवली. त्यात एक वाक्य होतं, 'दहा वर्षं लोटली.' नानानं मला तिथंच अडवलं.

"दहा वर्सं लोटली म्हंजी? कुनी लोटली?"

"अरे, तसं लिहितात."

"लिव्हत्यात म्हणून लिव्हलंस व्हय? त्या दहा वर्सांत ती मानसं जेवली का न्हाई गड्या?"

मी हसलो. तोही हसला. पुढं पंचवीस वर्षं त्या 'लोटली'वर माझं पोट चाललं.

त्या काळात त्याच्या घरी काय चाललं होतं ते मला अर्धवट माहीत होतं. पहिल्या लढाईत त्याचा थोरला भाऊ पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. नंतर कागद आला, त्यावर 'बेपत्ता' असा शेरा होता. मेला असा नाही, जिवंत असाही नाही. घरात वहिनी होती, जेमतेम सोळा-सतरा वर्षांची. सोनावहिनी. तिचं कुंकू पुसावं की ठेवावं हे कुणालाच ठरवता येईना. मग गावच्या रिवाजाप्रमाणे ठरलं की बारा वर्षं वाट पाहायची. बारा वर्षं माणसाची काही खबर आली नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं, आणि धाकट्या भावानं त्याला अग्नी द्यायचा. त्या दिवसापासून ती बाई विधवा. नानानं कादंबरी लिहिली ती या बारा वर्षांवर. त्याला ती लिहायला सहा वर्षं लागली. शाळा, शेत आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या यांच्या फटीतून त्यानं ती लिहिली.

ती बारा वर्षं त्यानं कशी मोजली ते सांगतो. वहिनीला अक्षरओळख नव्हती, घरात पंचांग होतं ते वडिलांच्या ताब्यात. पण घरात जातं होतं. जातं रोज फिरून गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही. मग छिन्नी-हातोडी घेऊन गावोगाव फिरणारी बाई येते, वरचा दगड उतरवते आणि दोन्ही दगडांना टाकी लावते. त्यांच्या घरी ती वर्षातून दोनदा यायची, दिवाळीनंतर आणि ऐन उन्हाळ्यात. बारा वर्षांच्या चोवीस टाक्या. दर टाकीनं दगड थोडा झिजतो, थोडा पातळ होतो. कादंबरीत कुठंही 'एक वर्ष लोटलं' असं वाक्य नाही; नुसता दगड पातळ होत जातो. आणि सातव्या प्रकरणात तर काहीच घडत नाही. एक दुपार आहे. टाकीवाली येते, अंगणात बसते, टक् टक् करत राहते. वहिनी तिच्यासमोर बसून राहते. दोघी भाकरी खातात. पुन्हा टक् टक्. संध्याकाळी पहिलं दळण बारीक खडीसकट पडतं, ते कोंबड्यांना टाकतात. संपलं प्रकरण. एकोणीस पानं.

हे सगळं मी आज सांगतो आहे. कादंबरी छापून आली तेव्हा नानानं मला पहिली प्रत पाठवली आणि मी ती दोन बैठकींत संपवली. सातव्या प्रकरणाची पहिली दोन पानं वाचली, पुढं टक् टक् दिसलं, आठव्यावर उडी मारली. आणि त्याला लिहिलं, 'नाना, सातवं प्रकरण म्हणजे कळस!' कुणीतरी मासिकात तसं म्हटलं होतं.

मी तेव्हा कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीत कथा-संवाद लिहीत होतो. दुसरी लढाई ऐन भरात होती. कच्ची फिल्म सरकारी परवान्यावर मिळायची, तीही मापून. ठरावीक फुटांच्या वर सिनेमा जाता कामा नये. त्यामुळे आमच्या कंपनीत सगळं फुटांत बोललं जायचं. नव्वद फूट म्हणजे एक मिनिट. मालक कुणाचं आजारपण ऐकलं तरी विचारतील की किती फूट, अशी आम्ही पाठीमागं चेष्टा करायचो. पण हळूहळू आम्हीही तसेच झालो. मला आठवतं, माझे वडील वारले तेव्हा त्यांचा शेवटचा श्वास मी मनात मोजला होता. तीस-पस्तीस फूट.

मालकांना गोष्ट हवी होती. मी नानाची गोष्ट सांगितली, पंधरा मिनिटांत. ते पान चावत ऐकत होते. संपल्यावर पिचकारी टाकून म्हणाले, "रायटर, बाई झकास हाय. पर मला सांगा, बारा वर्सं म्हंजे किती फूट?"

मी म्हणालो, "दाखवाल तेवढे."

"चाळीस. त्याच्या वर एक फूट न्हाई. क्यालेंडर घ्या, पंखा लावा, पानं उडवा. आन् त्यो शिपाई परत आला पायजे. शिपाई गेला त्यो गेलाच, असं ह्या दिवसांत दावलं तर फिल्म कोन देतंय आपल्याला? त्यो आला पायजे, आन् असा आला पायजे की पब्लिकनं खुर्च्या मोडल्या पायजेत."

मी नाही म्हणालो नाही. "बघतो," म्हणालो. आमच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे 'हो'.

हक्काच्या कागदावर सही करायला नाना सांगलीला आला. सही झाल्यावर आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. उन्हं कलली होती. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. नाना तिकडं बघत होता. मग म्हणाला, "रघू, तुझ्या धंद्यातलं मला काय कळत न्हाई. कापाकापी करावी लागत असंल. कर. पर सातवं प्रकरण तेवढं राहू दे. एक मिनिटभर का हुईना, ती टाकीवाली बसलेली दिसू दे."

"त्यात काही घडत नाही ना पण?"

"म्हणून तर म्हणतो."

मी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मालकांनी चाळीस फूट सांगून आठवडा झाला होता.

त्या शब्दावर विसंबूनच असेल, त्यानं मला ती गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत ती त्यानं कधी सांगितली नव्हती. "आमी बारा वर्सं थांबलोच न्हाई रं. चार महिनं कमी पडलं." त्याच्या लग्नाची तिथी धरली होती. थोरल्याचं असं अधांतरी ठेवून धाकट्याला बोहल्यावर कसं चढवायचं, म्हणून वडिलांनी भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, बारावं वर्ष चालू आहे, हरकत नाही. ओढ्याकाठी पळसाच्या पानांचा पुतळा केला. अग्नी नानानं दिला. वहिनीला कुणी काही विचारलं नाही. तिला काय कळणार, असं सगळ्यांनी धरलं. आणि ज्या लग्नासाठी घाई केली ते चारच वर्षं टिकलं. नानाची बायको तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. घरात उरली दोघं, नाना आणि वहिनी. "त्या चार महिन्यांसाठी पुस्तक लिव्हलं गड्या," नाना म्हणाला. "त्यात बारा पुरी केली. चोवीसच्या चोवीस टाक्या." मग पाण्याकडं बघत म्हणाला, "अजून सपान पडतंय. माझ्या हातात कोलीत हाय, खाली वाकलोय... आन् दादा ओढ्याच्या पल्याडनं वरडतोय, 'आरं थांब की रं!'"

मी त्याला काय म्हणालो ते आठवत नाही. काहीतरी धीराचं बोललो असेन. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते स्वच्छ आठवतं, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला आहे. माझ्या डोक्यात आलं : सापडला शेवट.

पंधरा दिवसांत मी तो प्रसंग लिहून मालकांपुढं ठेवला. नदीचा घाट. चिता. चितेवर पळसाचा पुतळा. नायिका पांढऱ्या लुगड्याची घडी हातात घेऊन उभी. दीर कोलीत घेऊन वाकतो, आणि पलीकडच्या काठावरून हाक येते, "अरे थांबा!" मालकांनी मांडीवर थाप मारली. "ह्येला म्हन्त्यात सीन! कुटनं सुचतं वो तुमाला?" मी खाली बघून हसलो. सुचतं, म्हणालो.

चित्रण झालं ते मी रोज पाहिलं. छापखान्यातून मुद्दाम करवून आणलेलं कॅलेंडर, त्याच्यासमोर टेबलपंखा, आणि पंख्यामागं कागद उडवायला उभा केलेला सुतार. चाळीस फूट म्हणजे अर्ध्या मिनिटालाही कमी. तेवढ्यात बारा वर्षं उडून गेली आणि नायिका वळली तेव्हा तिच्या केसांना खडूची पूड लावलेली होती. जातं लाकडी होतं, आतून पोकळ, वरून राखाडी रंग. गाणं म्हणताना ती ते दोन बोटांनी फिरवायची. आणि त्या शेवटच्या हाकेला, जी ओरडायला दोन सेकंद लागतात, आम्ही तीनशे साठ फूट दिले. कोलीत खाली येतंय. पळणारे पाय. घंटा. कोलीत आणखी खाली. नायिकेचा डोळा. पुन्हा पाय. बारा वर्षांना चाळीस फूट आणि दोन सेकंदांना तीनशे साठ! एडिटिंगच्या खोलीत फिल्मचे तुकडे जोडायच्या सिमेंटला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा वास येतो. मी तिथं बसून सांगत होतो, अजून थोडं ताणा, अजून थोडं. तेव्हापासून मी केळं खात नाही. पुस्तकात माणूस हवा तिथं थांबू शकतो, बोट ठेवून वर आढ्याकडं बघू शकतो. नानासारखा माणूस एका ओळीवर दुपार काढू शकतो. अंधारात पडद्यासमोर बसलेल्याला ती मुभा नसते. आम्ही उडवू तेवढी वर्षं त्यानं उडवायची, आम्ही ताणू तेवढा श्वास त्यानं धरायचा. त्या सत्तेची मला चटक लागली होती, दुसरं काय!

सिनेमा सांगलीला लागला तेव्हा मी नानाला आणि वहिनीला दुपारच्या खेळाचे पास पाठवले. दोघं आष्ट्याहून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आली. वहिनी तेव्हा पंचेचाळिशीची असेल. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. सिनेमा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. मी दोघांच्या मध्ये बसलो, आणि तिथं बसायची मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. जात्याचं गाणं सुरू झालं तसं तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती. "भाऊ, ह्ये जातं पोकळ हाय की वो. ह्येच्यात पीठ न्हाई, वारं निगंल." मग कॅलेंडर आलं. पानं उडाली. ती म्हणाली, "वारं सुटलं वाटतं." मग खडूच्या केसांची नायिका वळली, आणि वहिनीनं मला हळूच विचारलं, "ही दुसरी बाई कोन?"

"तीच आहे वहिनी. बारा वर्षं झाली."

"कवा?"

"ती पानं उडाली ना, तेव्हा."

ती पडद्याकडं बघत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा माझ्याकडं वाकली. "मग मदली वर्सं कवा दावनार?"

पडद्यावर पळस आला, कोलीत आलं. पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. हाक आली, "अरे थांबा!", आणि थिएटरात शिट्ट्या, टाळ्या, एकच गोंगाट. खुर्च्या खरंच मोडतील असं वाटलं. त्या गोंगाटात मी डावीकडं पाहिलं. नाना पडद्याकडं बघत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही... परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या आपल्या आवडत्या मुलाकडं मास्तर बघतात, तसं. उजवीकडं वहिनी म्हणाली, "एवढ्यात आला?"

बाहेर उन्हात आलो. मोटारीला वेळ होता. तिघंही एका झाडाखाली उभे राहिलो. तेव्हा वहिनीनं माझ्यादेखत नानाला विचारलं, "भावजी, आपुन लय घाई केली का वो? चार दिस थांबलो असतो तर?"

नानाचं तोंड एकदम म्हातारं झालं. खडूची पूड लागली नाही, काही नाही. मी समोर उभा राहून बघितलं. तो तिला काही बोलला नाही. मला मात्र म्हणाला, "तुझ्याकडची माझी प्रत तेवढी दे." ज्या प्रतीवर मी काम केलं होतं ती त्याचीच होती, त्यानं छपाईच्या चुका दुरुस्त करून दिलेली. मी ती घरून आणून दिली. त्यात लाल पेन्सिलीनं काय काय केलं होतं ते त्या घाईत मी विसरलो होतो. मोटार सुटली. तो मागं वळून बघेल म्हणून मी उभा राहिलो.

त्यानंतर पाच वर्षं मी आष्ट्याला गेलो नाही. पंधरा मैलांवरचं गाव. भूमिगतांचे दिवस होते, रस्त्यावर पोलीस होते, ही सबब काही काळ पुरली. नंतर ती सरली आणि स्वातंत्र्यही आलं, तरी मी गेलो नाही. दर दिवाळीला नानाचं एक कार्ड यायचं. मजकूर एकच : 'आम्ही दोघं बरे. वाचन चालू आहे.' कसलं वाचन, हे मी कधी विचारलं नाही. मी शुभेच्छांचं कार्ड टाकायचो आणि पुढच्या सिनेमातली वर्षं उडवायला बसायचो. क्षमा मागायचं मनात नव्हतं असं नाही. मनात ती मी इतक्या वेळा मागितली होती, संवादांसकट, की मागून झाली असंच मला वाटायला लागलं होतं.

नाना गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी आष्ट्याला गेलो. शाळेच्या पलीकडं, हळदीच्या रानाला लागून त्याचं घर. दार उघडंच होतं. वहिनी सोप्यात बसली होती, समोर जातं. मला बघून तिला नवल वाटलं नाही. "या भाऊ," म्हणाली. "लय दिसांनी." पाणी दिलं. थोडा वेळ नानाच्या आजारपणाचं बोलली. छातीत कफ झाला, चार दिवस ताप, संपलं. मग उठली, कोनाड्यातून पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "मला वाचून दावाल का? भावजी हितवर आलं व्हतं." पानात हळदीचं वाळलेलं पान खूण म्हणून घातलं होतं.

तेव्हा मला कळलं की कसलं वाचन. सिनेमा बघून आल्यावर तिनं नानाला विचारलं होतं, पुस्तकात हायत का मदली वर्सं? आणि दुसऱ्या दिवसापासून तो रोज शाळा सुटल्यावर तिला वाचून दाखवायला लागला. त्याच्या चालीनं, बोट धरून. दिवसाला दोन पानं, कधी एक. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षं. त्याआधी त्यानं ते तिला कधीच वाचून दाखवलं नव्हतं. त्या चार महिन्यांची भीती होती. माझ्या सिनेमामुळं का होईना वाचलं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू पाहतो. ती घालू नये. माझ्या सिनेमामुळं त्याला ते पाच वर्षं वाचत राहावं लागलं.

मी पुस्तक उघडलं. सातवं प्रकरण होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्या लाल पेन्सिलीच्या आडव्या रेघा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढलेल्या. तिसऱ्या पानाच्या समासात माझं ठसठशीत अक्षर : 'सर्व गाळणे. कॅलेंडर. ४० फूट.' या रेघांच्या खालून, त्यांच्या आरपार, नाना पाच वर्षं वाचत होता.

मी पुस्तक खाली ठेवलं. वहिनी म्हणाली, "का वो?"

मग मी तिला सांगितलं. हे प्रकरण मीच काढलं, वाचलंसुद्धा नव्हतं. नानाला शब्द दिला होता. आणि ती हाक, "अरे थांबा", ती नानाच्या स्वप्नातली होती, मी ती चोरली. चार महिन्यांचंही सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. तो माणूस जन्मभर जे दडपत आला ते मी त्याच्या पाठीमागं, स्वतःचं ओझं उतरावं म्हणून, तिच्यापुढं ओतलं. माझ्या कबुलीतही चोरी होतीच.

ती जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून ऐकत होती. "ती हाक तुमी लिव्हली व्हय? मला वाटलं भावजींनीच लिव्हली. मला आयकू जावी म्हणून." मग म्हणाली, "चार महिन्यांचं मला ठावं हाय. तेवीस टाक्या झाल्या व्हत्या. चोवीसावी उन्हाळ्यात लागायची, त्येच्या आदीच पळसाची पानं घरी आली. मला काय मोजता येत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? पोरसवदा मानूस. त्येंच्या लग्नाचं दळान म्याच दळलं." तिनं खुंट्यावरची धूळ पदरानं पुसली. "सिनेमाहून येताना इचारलं, म्हटलं आता तरी बोलतील. न्हाई बोललं. पुस्तक घिऊन म्होरं बसलं. पुस्तकात चोवीस पुरी क्येली हायत त्येंनी. मी दर खेपेला मोजते."

"त्याला माहीत होतं, तुम्हाला ठाऊक आहे ते?"

"न्हाई. ह्या खेपेला सांगनार व्हते. पुस्तक सरलं की." तिनं पानाकडं बोट केलं. "हितंच ऱ्हायलं."

मी काहीतरी क्षमेचं बोलायला लागलो. तिनं हातानंच थांबवलं. "चोरलं ते चोरलं. वाचा आता. आन् घाई नगा करू."

मी वाचायला लागलो. टाकीवाली आली. अंगणात बसली. वरचा दगड उतरवला. रेघांमुळं काही अक्षरं नीट लागत नव्हती. अडखळलो की वहिनी पुढचे शब्द सांगायची, तिला सगळं पाठ होतं. तिसऱ्या पानावर आलो. समासात ते माझं अक्षर. मला ते तिच्यासमोर सहन होईना. मी बोट थुंकीनं ओलं केलं आणि 'फूट' घासायला लागलो. लाल पेन्सिल निघत नाही, पसरते.

"पुसू नगा," वहिनी म्हणाली. "भावजी हितं बोट ठिवून थांबायचं. मी च्या करून आनीस्तवर."

ती उठून चुलीकडं गेली. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि थांबलो. आतून भांड्याचा आवाज आला, मग फुंकणीचा. रानात कुणीतरी बैलांना हाकारत होतं. मी वाक्य पुढं वाचलं नाही, मनातही नाही. चहा यायला बराच वेळ लागला.